वाळूचं पोतं

रकानेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लिफ्ट तपासायच्या खात्यात एकतीस वर्षं काढली, तिथे पडलेलं हे नाव. तपासणीच्या छापील कागदावर सत्तावीस रकाने असत. बाकीचे तपासनीस लिफ्टमध्ये उभे राहून दोनदा वरखाली जात, दोराकडे एक नजर टाकत आणि सही ठोकून मोकळे होत. हे मात्र सत्ताविसावा रकाना भरल्याशिवाय सहीला पेन टेकवत नसत. एकदा एका इस्पितळाची लिफ्ट त्यांनी साडेतीन महिने बंद ठेवली. का, तर आतल्या पाटीवर 'माणसं सहा' एवढंच लिहिलं होतं, वजन लिहिलं नव्हतं. रोगी खुर्चीत बसवून जिन्याने चढवावे लागले, वॉर्डबॉयांच्या कमरा धरल्या. पण साहेबांना विचारा, ते आजही छाती पुढे काढून सांगतील की माझ्या सहीची एकही लिफ्ट कधी पडली नाही. अहो, पडेल कुठून? आधी ती चालू तर व्हायला हवी!

त्या साडेतीन महिन्यांत एकच गोष्ट चांगली झाली, ती म्हणजे त्यांना बायको मिळाली. इस्पितळाच्या तळमजल्यावर टेलिफोनची खोली होती. तिथली ऑपरेटरबाई दिवसातून पन्नास वेळा भोंग्यातून सांगे, "लिफ्ट बंद आहे, कृपया जिन्याने जावं." साहेब लिफ्टमध्ये वाळूची पोती रचत आणि तो आवाज ऐकत. रोज ऐकत. ऐकून गप्प बसत. शेवटी एक दिवस आवाजाची मालकीणच वर आली आणि म्हणाली, "लिफ्टचं राहू द्या, माझ्याबद्दल तरी तुमचं काही ठरतंय का?" लग्नाचं बोलणंसुद्धा असं बाईंनाच करावं लागलं. साहेबांचे रकाने तेव्हाही भरले नव्हते.

वाळूच्या पोत्यांचं सांगून ठेवायला हवं, कारण साहेबांच्या सगळ्या शहाणपणाचं सार त्यात होतं. लिफ्टची चाचणी माणसं बसवून घ्यायची नसते. तेवढ्या वजनाची पोती ठेवायची, लिफ्ट वरखाली न्यायची. दोर तुटला तर वाळू सांडते, माणूस मरत नाही. हे खरंच आहे, यात चूक काही नाही. पण साहेबांनी त्याचं तत्त्वज्ञान करून टाकलं. घरात नवा कुकर आणला तरी पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी. पोरीला सायकल शिकवताना मागच्या कॅरिअरवर विटा. पोरगी शिकली ती मामाकडे, एका सुट्टीत.

बाईंनी त्या टेलिफोनच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं काढली. 'बोला' हा एकच शब्द त्या असा म्हणत की पलीकडचा घाबरलेला माणूस निम्मा शांत व्हायचा. त्यांचं तोंड कधी न पाहिलेली माणसं बाजारात त्यांना आवाजावरून ओळखत. "तुम्ही इस्पितळातल्या ना? माझ्या वडिलांच्या वेळी तुम्हीच होतात." आणि त्यांची एक सवय होती. आलेला निरोप दोन वह्यांत लिहायचा. एक वही खोलीत, दुसरी बाहेरच्या दारावरच्या शिपायाकडे. एकीवर चहा सांडला तर दुसरी आहे. याला त्या काही नाव देत नसत. शहाण्या माणसाला दर गोष्टीला नाव लागत नाही.

दोघं निवृत्त झाली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, दोन खोल्यांच्या घरात म्हातारा-म्हातारी आणि एक जुना कॉम्प्युटर राहिला. आणि मग बाईंचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं. गाठ आहे, आवाजाच्या पेटीवर. काढायची तर पेटीसकट काढावी लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

बाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत रडल्या. रिक्षात बसल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, "मुलीला सातवा लागलाय. बाळ येईल तेव्हा मी मुकी असेन. मला बोलून ठेवायला हवं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्यापुढे खुर्ची मांडली. कपड्यांनी आवाज घुमत नाही, हे त्यांना धंद्यातलं माहीत. माइक कॉम्प्युटरला लावला आणि बोलायला सुरुवात केली. बाळासाठी गोष्टी, स्वतः रचलेल्या. झोपवायची गाणी. बाळाची आई लहानपणी काय काय करायची ते. शाळेचा पहिला दिवस असेल तेव्हा काय म्हणायचं ते. कोणी रागावलं तर काय म्हणायचं ते. आवाज चिरत चालला होता, मध्येच धाप लागे, घोटभर कोमट पाणी प्यायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या. तीन आठवड्यांत एक्केचाळीस तुकडे झाले. दर तुकड्याला नाव दिलं. 'मुंगीची गोष्ट'. 'दात पडेल तेव्हा'. 'आईवर रुसलास तर'. आणि वहीची सवय जाते कुठे? रोज संध्याकाळी ते सगळं एका लाल पेन ड्राइव्हवर उतरवून तो शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवायच्या.

हे साहेबांनी पाहिलं आणि ते हसले. कसं हसले सांगू? नाकातून. ज्याला सगळं कळतं तो माणूस जसा हसतो तसं.

"अगं, याला बॅकअप म्हणत नाहीत. ही नुसती कॉपी झाली."

"मग काय म्हणतात?"

"त्याची शिस्त असते. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. रोज आपोआप झालं पाहिजे, जुन्या-नव्या प्रती वेगळ्या राहिल्या पाहिजेत, वर कुलूप पाहिजे. आणि परत काढता आलं पाहिजे, ते सगळ्यात महत्त्वाचं. हे तू माझ्यावर सोड."

बाईंनी सोडलं. माणूस आजारी असला की असा मूर्खपणा करतो. शिवाय त्यांना वाटलं, या माणसाला बायकोचा आवाज जाणार म्हणून काहीतरी करायचंय, करू दे बिचाऱ्याला. बिचारा!

साहेबांनी तक्ता आखला. आडवे रकाने बावीस, उभी नावं चौदा. जगात बॅकअपची म्हणून जेवढी सॉफ्टवेअरं सापडली तेवढी सगळी. फुकट आहे का, किती दिवस फुकट. फक्त बदललेलं उचलतं की दरवेळी सगळंच. दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर ठेवतं की आपल्याच घरात. वापरणाऱ्यांच्या तक्रारी किती, त्यातल्या खऱ्या किती, मूर्खांच्या किती. हा शेवटचा रकाना साहेबांचा स्वतःचा. सकाळी चहा झाला की बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. बाई बोलत असल्या की कॉम्प्युटर त्यांच्याकडे. मग साहेब कागदावर. तेसुद्धा त्यांना खपायचं नाही, मधेमधे दार उघडून विचारायला यायचे.

आणि त्या चौदाही सॉफ्टवेअरांबद्दल काय तो तिरस्कार! पहिलं म्हणे पोरखेळ, मोठी मोठी रंगीत बटणं. दुसऱ्याच्या मदतीच्या पानावर शुद्धलेखनाच्या चुका. "ज्याला स्वतःचं वाक्य सांभाळता येत नाही तो माझी फाइल काय सांभाळणार?" तिसरं दुसऱ्या देशात साठवतं. "म्हणजे माझ्या बायकोचा आवाज परक्यांच्या गोदामात? वा!" पाचवं सोपं होतं, दोन बटणांत काम झालं असतं. तर म्हणे, "इतकं सोपं आहे म्हणजे आत काहीतरी लपवलेलं असणार." सातव्याला त्यांनी सात पानी पत्र लिहिलं आणि उत्तर येईना म्हणून त्याच्या नावापुढे 'उद्धट' असा शेरा मारला. प्रत्येकात खोट. सगळ्या जगात निर्दोष असा एकच जण, तो तक्त्यापुढे बसलेला.

बाईंचा धाकटा भाऊ भेटायला आला. त्याचं चपलांचं दुकान. सरळ माणूस. ताईला बघून त्याचे डोळे भरले, मग तक्ता बघितला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भावोजी, तीन पेन ड्राइव्ह आणा ना. एक इथे ठेवा, एक मला द्या, एक पोरीला पाठवा. झालं काम. यात अवघड काय आहे?"

"तुझ्या दुकानात चपला मापाच्या देतोस की हाताला लागेल ती?"

"चप्पल मापाची देतो हो," मेहुणा म्हणाला, "पण गिऱ्हाईक अनवाणी उभं असताना चामड्याचा इतिहास सांगत बसत नाही."

साहेबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो बाईंनीच केला.

मुलगीही फोनवर रोज मागे लागली होती. "बाबा, आईने जे बोलून ठेवलंय ते मला पाठवा ना. जसं असेल तसं पाठवा." साहेब म्हणत, "अर्धवट काही पाठवायचं नसतं. सगळं एकदाच, क्रमवार लावून पाठवीन." मुलीने तरी किती वाद घालायचा? तिला उठता-बसता येत नव्हतं, आणि बापाला ओळखत होती.

अजून एक गोष्ट. कॉम्प्युटर टकटक करायला लागला होता. बाईंच्या कानाला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. अठ्ठावीस वर्षं तारेवरची खरखर ऐकलेला कान तो. "अहो, हे आतून टकटक कसलं येतंय? माझ्या बोलण्यात मागे ऐकू येतं." साहेब म्हणाले, "पंख्यात धूळ असेल, नंतर बघतो." आता बघा, हाच माणूस तळमजल्यावर उभा राहून सांगायचा की सहाव्या मजल्यावरच्या चाकाला तेल नाही! पण ते दुसऱ्याच्या इमारतीत. स्वतःच्या टेबलाखाली दोर तुटत आला होता आणि साहेब वर बसून 'उद्धट' लिहीत होते.

ऑपरेशन गुरुवारी होतं. सोमवारपर्यंत साहेबांचे एकवीस रकाने भरले. उरला बाविसावा, 'परत निघतं का?'. म्हणजे सॉफ्टवेअरने उचललेली फाइल पुन्हा जशीच्या तशी हाती येते का. त्यासाठी चाचणी घ्यायला हवी आणि चाचणीला रिकामा ड्राइव्ह हवा. घरात तो नव्हता. नवा का आणला नाही म्हणून विचारता? कारण कुठला आणायचा त्याचा वेगळा तक्ता चालू होता!

साहेबांनी शिवणाचा डबा उघडला.

"तुझा लाल पेन ड्राइव्ह दोन दिवस घेतोय."

बाई तेव्हा उशीला टेकून पडल्या होत्या. "अहो, त्यावर माझं सगळं आहे."

"मूळ कॉम्प्युटरवर आहे ना! मूळ असताना नकलेचं काय एवढं?"

बाई काही बोलल्या नाहीत. बोलणं आता दुखत होतं आणि उरलेलं बोलणं त्या नवऱ्यावर खर्च करणार नव्हत्या.

सॉफ्टवेअरने विचारलं, या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? साहेबांनी 'हो' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? यंत्राला अक्कल होती, त्याने दोनदा विचारलं. साहेबांनी पुन्हा 'हो' दाबलं. बाईंची दुसरी वही तिथे संपली.

आता चाचणीला फाइल कुठली घ्यायची? एक्केचाळीस तुकडे समोर होते. कुठलाही घेता आला असता, सगळे घेता आले असते. सगळ्यांना मिळून दहा मिनिटं लागली असती. पण साहेब पडले तपासनीस. माणसं बसवून चाचणी? छे, छे! त्यांना पोतं हवं होतं. शोधता शोधता एक बेचाळिसावी फाइल सापडली. बाईंनी तिला 'टाकाऊ' असं नाव दिलं होतं. कधीतरी बोलताना माइक चालूच राहिला होता, त्यातलं काहीतरी. पुसायची राहून गेलेली. साहेबांनी ती ऐकलीसुद्धा नाही, फक्त तिचं वजन पाहिलं. मध्यम होतं. झकास. ती आणि शेजारी आपला तक्ता, असं पोतं त्यांनी लिफ्टमध्ये ठेवलं.

मंगळवारी पहिली चार सॉफ्टवेअरं झाली, बुधवारी पाच. नववं उत्तम निघालं. उचललेलं टाकाऊ जसंच्या तसं परत आलं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. साहेब इतके खूश झाले की टाळी वाजवली. त्यांनी बाविसाव्या रकान्यात हिरवी खूण केली. अजून पाच राहिली होती. नववं चांगलं आहे हे कळल्यावर त्याच क्षणी खरी माणसं आत बसवायची की नाही, तुम्हीच सांगा! पण पाच रकाने रिकामे ठेवून निर्णय घेईल तो रकानेसाहेब कसला?

संध्याकाळी बाई पिशवी भरत होत्या. टॉवेल, कंगवा, आणि मेहुण्याने आणलेली पाटी, नंतर लिहून बोलायला. त्यांनी विचारलं, "झालं का हो ते?"

"चाचणी पास!" साहेब म्हणाले. चेहरा कसा, पहिला नंबर आल्यासारखा.

"नक्की ना?"

"जसंच्या तसं परत येतं. मी स्वतः बघितलं."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग मी सुटले," म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपले एक्केचाळीसही सुखरूप आहेत. साहेब खोटं बोलले का? एक शब्दही खोटा नाही. उरलेली पाच सॉफ्टवेअरं इस्पितळातून आल्यावर बघायची, मग निर्णय, मग खरं काम, असं त्यांच्या मनात स्वच्छ लिहिलेलं होतं. फक्त ते बायकोला सांगायचं राहिलं. तो रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता.

बारा दिवसांनी बाई घरी आल्या. गळ्याला भोक, त्यावर जाळीची पट्टी. जिना चढून आल्या, कारण इमारतीला लिफ्ट नाही, साहेबांनी मुद्दामच तसं घर घेतलेलं. खुर्चीत बसल्या, पाटी मांडीवर घेतली आणि पहिलंच वाक्य लिहिलं. 'मुंगीची गोष्ट लावा. ऐकायचीय.'

साहेबांनी कॉम्प्युटर चालू केला. टक. टक. टक. पडदा काळा. पुन्हा चालू केला. टक. टक. मग तेही थांबलं.

माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणजे काय, ते त्या वेळी साहेबांना बघून कळलं असतं. ते पंखा पुसायला लागले. बाई बघत होत्या. पंखा पुसून झाला, तारा काढून घातल्या, टेबलावर दोन थापा मारल्या. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे तर बैलही गेला होता आणि म्हातारा गोठ्याच्या दाराचं माप घेत होता.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, डिस्क कानाशी धरून हलवली.

"काका, ही गेली. आतली चकती खरवडलीय. खूप दिवस टकटक करत असेल ना?"

साहेब पंख्यावरून पुन्हा फडकं फिरवायला लागले.

"एक जागा आहे, तिथे आतलं काढून देतात. पाठवू. पण आशा धरू नका." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "बॅकअप असेलच की तुमच्याकडे?"

साहेबांनी मान खाली घातली. एकतीस वर्षं हा प्रश्न ते लोकांना विचारत आले होते. दोर तुटला तर दुसरा आहे का? नसेल तर लिफ्ट बंद. आणि समोरचा ओशाळला की त्यांना बरं वाटायचं.

डिस्क महिन्याने परत आली. सोबत चिठ्ठी, एकही फाइल वाचता आली नाही. मुलीने आपल्या फोनमध्ये शोधलं. आईचा आवाज म्हणून काय सापडलं, तर कोणाच्या तरी वाढदिवसाची एक फीत, तीत सगळे एकदम ओरडताहेत. आई कुठली ते कळत नाही. मुलगी फोनवर बापाला एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला रोज मागत होते, बाबा." आणि फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी महिने ती मामाशीच बोलायची, मामा येऊन आईला सांगायचा. साहेब आतल्या खोलीत बसायचे. बाईंनी साहेबांना एका अक्षराने दोष दिला नाही. पाटीवर लिहायच्या ते 'भाजी आणा', 'गोळी द्या', 'दार लावा'. साहेबांना वाटे, एकदा तरी शिवी लिहावी. ती काही आली नाही.

मुलगी बाळाला घेऊन आली तेव्हा बाळ अडीच महिन्यांचं होतं. मुलगी झाली होती. ती बाळाला आजीच्या मांडीवर ठेवून बापाकडे न बघता म्हणाली, "आई, काहीच नाही का गं उरलं?"

बाईंनी 'कोण जाणे' अशी मान हलवली आणि शिवणाचा डबा पुढे ओढून त्यातला लाल पेन ड्राइव्ह काढला. साहेबांनी तो शरमेने पुन्हा बटणांखाली ठेवला होता. मुलीने तो आपल्या लॅपटॉपला लावला. आत दोनच गोष्टी. एक तक्ता, चौदा ओळी, बावीस रकाने, त्यातले पाच रिकामे. आणि 'टाकाऊ'.

"हे काय आहे?"

"ते नको," साहेब घाईने म्हणाले. "ते चाचणीचं आहे. त्यात काही नाही."

मुलीने लावलं. आधी कपड्यांमध्ये बसून बोलल्यावर येतो तसा दबका, जवळचा आवाज. किंचित चिरलेला. मागे बारीक टकटक.

"…आणि मग मुंगी त्या हत्तीला म्हणाली… अहो, दार लावा. लावा म्हणते ना! तिसऱ्यांदा आलात. काय? कुलूप? आकड्यांचं की अक्षरांचं? मला काय करायचंय हो त्याच्याशी! मी इथे श्वास मोजून बोलतेय आणि तुम्ही मला कुलूप विचारताय! आग लागो तुमच्या त्या रकान्यांना. हे घ्या, उचला आणि दुसरीकडे कुठेतरी ठेवा. पिठाच्या डब्यात ठेवा, उशीखाली ठेवा, पण ठेवा! जन्मभर लोकांच्या लिफ्टा अडवल्यात, आता माझी तरी नका अडवू. जा. आणि चहा ठेवा. दोन कप."

दार लागल्याचा आवाज आला. थोडा वेळ नुसती टकटक. मग बाई हसल्याचं ऐकू आलं, आणि तोच आवाज एकदम मऊ झाला, तोंड माइकच्या अगदी जवळ.

"ऐकलंस ना बाळा? हे तुझे आजोबा. माणूस वाईट नाही. यांच्याशी खेळ, यांच्या खांद्यावर बस, यांची टोपी ओढ. पण जपून ठेवायला म्हणून यांच्या हातात कधी काही देऊ नकोस. अगं बाई, हे चालूच राहिलं की! हे पुसायला हवं."

आणि संपलं.

बाळ रडायचं थांबलं होतं आणि आवाज कुठून आला ते डोळे फिरवून शोधत होतं. मुलीने काही विचारलं नाही, ती फाइल आपल्या फोनवर घेतली, नवऱ्याला पाठवली, मामाला पाठवली. तीन ठिकाणी गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं, तेही साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं.

साहेब भिंतीला टेकून उभे होते. हे पोतं त्यांनी दोन दिवसांत नऊ वेळा वर नेलं होतं, नऊ वेळा खाली आणलं होतं, आणि आत काय आहे ते एकदाही उघडून बघितलं नव्हतं. आता ते रडत होते, नाक पुसायचंही भान नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. एकदा तरी तिने शिवी लिहावी असं वाटत होतं ना? ती तिने आधीच देऊन ठेवली होती, आणि घरात जपली गेली ती तेवढीच.

बाळ पुन्हा कुरकुरायला लागलं. बाईंनी पाटी पुसली, लिहिलं आणि ती साहेबांकडे वळवली.

'पुन्हा लावा. तुम्हीच लावा.'

साहेब पुढे आले आणि त्यांनी ते पुन्हा लावलं.